दप्तर नसलेल्या लेखिकेचे दप्तर : अ‍ॅग्नेस स्मेडली यांच्या कागदपत्रांचे वाचन

१

मराठी इतिहाससंशोधनाने अभ्यासकाला कागद वाचण्याची एक शिस्त लावून दिलेली आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून बखर आणि समकालीन पत्र यांतील भेद हा संशोधनाचा पहिला धडा मानला जातो. बखर ही मागाहून, कुणाच्या तरी आज्ञेने किंवा आवडीने रचलेली असते. पत्र हे त्या त्या दिवसाचे आणि त्या त्या गरजेपोटी लिहिलेले असते. म्हणून दोहोंत विरोध आला तर पत्राचा पुरावा वरचढ धरावा, असा हा दंडक आहे. राज्यकर्त्यांच्या, सरदारांच्या आणि सावकारांच्या इतिहासाला तो चांगला लागू पडला, कारण त्यांच्यापाशी मुळातच दप्तर होते. कागद लिहिणारे कारकून होते, ते बांधून ठेवणारे रुमाल होते आणि पिढ्यान्‌पिढ्या ते सांभाळणारी घरे होती.

विसाव्या शतकात मात्र असा एक लेखकवर्ग पुढे आला की ज्याच्यापाशी दप्तर नव्हतेच. हा वर्ग मुक्त लेखकांचा. ज्याला मासिक पगार नाही, कार्यालयात जागा नाही, जो आज एका नियतकालिकाला लेख पाठवतो, उद्या दुसऱ्याला, आणि छापून आल्यावरच ज्याच्या हाती मोबदला पडतो, अशा लेखकाचे कागद जमत नाहीत, ते विखुरतात. लेखाची मूळ प्रत संपादकाकडे जाते आणि बहुधा तिथेच संपते. पत्रे ज्यांना लिहिली त्यांच्याकडे राहतात. भाड्याची खोली सोडताना जे उचलता येत नाही ते मागे राहते. असा लेखक स्त्री असेल, परदेशी राहणारी असेल आणि राजकीय संशयाच्या छायेत वावरणारी असेल, तर तिचे कागद कोणी जपले, हा प्रश्न तिच्या साहित्याच्या अभ्यासात अगदी आरंभीच उभा राहतो.

अमेरिकन लेखिका आणि पत्रकार अ‍ॅग्नेस स्मेडली (१८९२–१९५०) यांचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. त्यांच्या आयुष्याची सुमारे दहा वर्षे भारतीय स्वातंत्र्यचळवळीच्या परदेशातील कार्याशी निगडित होती. तरीही चीनविषयक लेखनामुळेच त्यांचे नाव जगाला ठाऊक झाले, आणि भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. त्यांची कागदपत्रे मुख्यतः तीन प्रकारच्या हातांनी जपली आहेत : एक त्यांचे स्वतःचे, दुसरे त्यांची पत्रे ज्यांना मिळाली त्यांचे, आणि तिसरे त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्यांचे. या तिन्हींतून तीन वेगवेगळ्या स्मेडली उभ्या राहतात. त्यांपैकी कोणतीही एक खरी आणि उरलेल्या खोट्या असे म्हणता येत नाही. समकालीन कागदाला प्रमाण मानण्याचा दंडक येथे अपुरा का पडतो आणि त्याला कोणती जोड द्यावी लागते, हे पाहणे हा या लेखाचा विषय आहे.

२

प्रथम चरित्राची रूपरेषा. स्मेडली यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८९२ रोजी मिझुरी राज्यातील ऑसगूड या ठिकाणी एका गरीब कुटुंबात झाला. वडील मिळेल ते अंगमेहनतीचे काम करीत. पुढे हे कुटुंब कोलोराडोमधील ट्रिनिडॅड या कोळसाखाणींच्या भागात गेले. आई दुसऱ्यांचे कपडे धुऊन घर चालवीत असे. १९१० मध्ये तिचा मृत्यू झाला. स्मेडली यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले, तरी न्यू मेक्सिकोतील ग्रामीण शाळांत त्यांनी शिक्षिकेचे काम केले. १९११ मध्ये त्या अ‍ॅरिझोनातील टेंपी येथील अध्यापक विद्यालयात दाखल झाल्या. तेथील विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचे संपादन हे त्यांच्या लेखनजीवनाचे पहिले पाऊल म्हणता येईल. पुढे सॅन दिएगो येथील अध्यापक विद्यालयात त्या टंकलेखन शिकवीत असत. समाजवादी मतांमुळे ती नोकरी गेली आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या न्यूयॉर्कला आल्या.

न्यूयॉर्कमध्ये त्यांची लाला लजपत राय यांच्याशी ओळख झाली. लालाजी महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अडकून पडले होते आणि १९१७ मध्ये त्यांनी तेथे इंडियन होमरूल लीगची स्थापना केली होती. स्मेडली त्यांच्या कामात मदत करू लागल्या आणि भारताच्या इतिहासाचे धडे त्यांच्याकडून घेऊ लागल्या. याच सुमारास लालाजींपेक्षा जहाल अशा क्रांतिकारक तरुणांशीही त्यांचा संबंध आला. मार्च १९१८ मध्ये शैलेंद्रनाथ घोष यांच्याबरोबर त्यांना अटक झाली. हेरगिरीविरोधी कायद्याच्या कलमांबरोबरच संततिनियमनविषयक साहित्य बाळगल्याचाही आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. न्यूयॉर्कच्या ‘टूम्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तुरुंगात त्यांनी काही आठवडे काढले. खटला पुढे चालला नाही. तुरुंगात भेटलेल्या स्त्रियांची शब्दचित्रे त्यांनी ‘सेल मेट्स’ या शीर्षकाखाली लिहिली आणि ती १९२० मध्ये समाजवादी दैनिक ‘कॉल’च्या पुरवणीत छापली गेली. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या ‘फ्रेंड्स ऑफ फ्रीडम फॉर इंडिया’ या संस्थेचे चिटणीसपदही त्यांनी सांभाळले. अमेरिकेतून हद्दपारीचा धोका असलेल्या भारतीयांचा बचाव हे त्या संस्थेचे मुख्य काम होते.

१९२० च्या अखेरीस त्या अमेरिका सोडून निघाल्या आणि पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्या सहवासात राहू लागल्या. ‘चट्टो’ या नावाने ओळखले जाणारे वीरेंद्रनाथ हे सरोजिनी नायडू यांचे बंधू. हैदराबादच्या सुविद्य बंगाली कुटुंबात १८८० साली त्यांचा जन्म झाला आणि युरोपातील भारतीय क्रांतिकारकांचे ते एक प्रमुख नेते होते. दोघांचा विवाह झालेला नव्हता, पण संसार होता. दारिद्र्य, आजारपण, सततचे पाहुणे आणि राजकीय भांडणे यांनी तो पोखरला गेला आणि त्याच दशकात संपला. १९२८ च्या अखेरीस ‘फ्रांकफुर्टर त्सायटुंग’ या जर्मन दैनिकाच्या बातमीदार म्हणून त्या चीनकडे निघाल्या. १९२९ मध्ये ‘डॉटर ऑफ अर्थ’ ही त्यांची आत्मचरित्रात्मक कादंबरी प्रसिद्ध झाली. त्यानंतर चीनविषयी ‘चायनीज डेस्टिनीज’ (१९३३), ‘चायनाज रेड आर्मी मार्चेस’ (१९३४), ‘चायना फाइट्स बॅक’ (१९३८) आणि ‘बॅटल हिम ऑफ चायना’ (१९४३) ही पुस्तके आली. सेनापती चू तेह यांचे चरित्र ‘द ग्रेट रोड’ हे मात्र मरणोत्तर, १९५६ मध्ये निघाले. ६ मे १९५० रोजी ऑक्सफर्ड येथे शस्त्रक्रियेनंतर त्यांचा मृत्यू झाला. एक वर्षाने त्यांची रक्षा पेइचिंग येथे पुरण्यात आली.

३

स्मेडली यांच्या कागदपत्रांचा मुख्य संग्रह आज टेंपी येथील अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ज्या अध्यापक विद्यालयात त्या १९११ मध्ये शिकावयास आल्या, त्याचेच हे विद्यापीठात झालेले रूपांतर. ज्या बाईला एकाही देशात कायमचे घर मिळाले नाही, तिचे कागद तिच्या पहिल्या लेखनाच्या गावी येऊन थांबले, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे. टंकलिखित प्रती, पत्रे, कात्रणे आणि चीनमध्ये जमविलेली छायाचित्रे असे या संग्रहाचे स्वरूप आहे.

या संग्रहातील कात्रणे वरवर पाहता दुय्यम वाटतात. वस्तुतः मुक्त लेखिकेच्या बाबतीत कात्रण हाच मूळ ग्रंथ असतो. स्मेडली यांचे लेख जर्मन दैनिकांत, ‘नेशन’, ‘न्यू रिपब्लिक’, ‘न्यू मासेस’ आणि ‘एशिया’ या अमेरिकन नियतकालिकांत, पुढे ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये आले. आणि भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की रामानंद चट्टोपाध्याय यांच्या कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्येही आले. इतक्या भिन्न वाचकांसाठी लिहिणाऱ्या लेखिकेला एकच अनुभव अनेकदा आणि अनेक रीतींनी मांडावा लागतो. जर्मन वाचकासाठी पाठविलेले वार्तापत्र आणि पुस्तकात बसविलेले शब्दचित्र यांत जो फरक पडतो तो केवळ भाषेचा नसतो. कोणता तपशील विकला जाईल, कोणता संपादक कापील, कोणत्या वाचकाला काय समजावून सांगावे लागेल, हा हिशेब त्यामागे असतो. या पाठांतराचा अभ्यास कात्रणांवाचून अशक्य आहे.

कात्रणांचे मोल किती, हे पुढील घटनेवरून ध्यानात येईल. चिनी स्त्रियांविषयी स्मेडली यांनी निरनिराळ्या ठिकाणी केलेले लेखन जॅनिस आणि स्टीफन मॅकिनन यांनी एकत्र आणले आणि १९७६ मध्ये ‘पोर्ट्रेट्स ऑफ चायनीज विमेन इन रेव्होल्यूशन’ या नावाने ते ग्रंथरूपात सिद्ध केले. त्या आधी तीन वर्षे, १९७३ मध्ये, अमेरिकेतील फेमिनिस्ट प्रेस या प्रकाशनाने ‘डॉटर ऑफ अर्थ’चे पुनर्मुद्रण केले होते. पुढे याच दांपत्याने स्मेडली यांचे विस्तृत चरित्र लिहिले, ते १९८८ चे. म्हणजे लेखिकेच्या मृत्यूनंतर दोन दशके जे नाव जवळजवळ विसरले गेले होते, ते स्त्रीवादी प्रकाशकांच्या आणि कागद धुंडाळणाऱ्या इतिहासकारांच्या प्रयत्नाने परत आले. चिनी स्त्रियांवरील या लेखनाला मिळाले तसे पुस्तक त्यांच्या भारतविषयक लेखांना मिळाले, तर त्यांची बर्लिनची वर्षे प्रथमच त्यांच्या शब्दांत सलग वाचता येतील.

४

दुसऱ्या प्रकारचे कागद म्हणजे स्मेडली यांनी इतरांना लिहिलेली पत्रे. ती आज हयात आहेत ती ज्यांना लिहिली त्यांच्या आस्थेमुळे. संततिनियमनाच्या चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर यांना लिहिलेली पत्रे त्यांच्यापैकीच. न्यूयॉर्कमध्ये असताना स्मेडली यांनी सँगर यांच्या ‘बर्थ कंट्रोल रिव्ह्यू’साठी काम केले होते, आणि बर्लिनमध्ये संततिनियमन केंद्र सुरू करण्याच्या कामातही सँगर यांचे साह्य त्यांना होते. फ्लॉरेन्स लेनन या मैत्रिणीला लिहिलेली पत्रे अगदी निराळ्या स्वरूपाची आहेत. बर्लिनमधील संसार, चट्टोपाध्यायांविषयीचे प्रेम आणि त्याच वेळी होणारी घुसमट, मनाची मोडतोड आणि त्यावरील मानसोपचार हे सारे त्यांत आहे. एकाच वर्षातील ही दोन प्रकारची पत्रे शेजारी ठेवली तर एका पत्रातील कार्यकर्ती आणि दुसऱ्या पत्रातील आजारी स्त्री एकच आहे, हे ध्यानात यावयास वेळ लागतो.

येथे राजवाड्यांच्या दंडकाची पहिली कसोटी लागते. दोन्ही पत्रे समकालीन आहेत, दोन्ही अस्सल आहेत, तरी दोन्ही पूर्ण नाहीत. पत्र हे ज्याला लिहावयाचे त्याच्याकडे पाहून लिहिलेले असते. म्हणून पत्राचा पुरावा घेताना तारखेइतकेच मायन्याकडेही लक्ष द्यावे लागते.

कादंबरीकडे वळल्यास गुंतागुंत अधिक वाढते. ‘डॉटर ऑफ अर्थ’ची निवेदिका मेरी रॉजर्स डेन्मार्कच्या समुद्रकाठी बसून आपली कहाणी सांगू लागते. तिचे बालपण, खाणींचा प्रदेश, आईचे कष्ट, न्यूयॉर्क, तुरुंग हे सारे लेखिकेच्या चरित्राशी जुळते. भारतीय चळवळीशी तिचा परिचय सरदार रणजित सिंग या वृद्ध शिक्षकाच्या द्वारे होतो. त्यांच्यात लालाजींची छाया अभ्यासकांनी पाहिली आहे. पुढे ती एका भारतीय क्रांतिकारकाशी विवाह करते. त्याचे नाव आनंद मानवेकर.

हे नाव मराठी वाचकाच्या कानाला चटकन परिचित वाटते. ‘कर’ हा प्रत्यय मराठी आणि कोकणी आडनावांत गावाशी असलेले नाते दाखवितो. परंतु ज्या व्यक्तीवरून हे पात्र बेतले असे सर्वमान्य आहे ते चट्टोपाध्याय बंगाली होते, आणि वाढले हैदराबादेत. म्हणजे नाव बदलताना लेखिकेने प्रांतही बदलला. स्थळही बदलले : प्रत्यक्षातील संसार बर्लिनचा, कादंबरीतील न्यूयॉर्कचा. कादंबरीत हा विवाह मोडतो तो हुआन डियाझ या दुसऱ्या क्रांतिकारकाने पूर्वी निवेदिकेवर केलेल्या बळजबरीच्या छायेमुळे. चळवळीतील पुरुष तिचा दोष नसताना तिलाच बोल लावतात, आणि स्वातंत्र्याची भाषा बोलणारा पतीही संशयाने आणि समाजलज्जेने खचतो. स्त्रीच्या देहावरील मालकीची भावना परक्या राज्यसत्तेविरुद्ध लढणाऱ्याच्या मनातही टिकून राहते, हे या कादंबरीचे सर्वांत कठोर आणि सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे. भारतीय स्वातंत्र्यलढ्यासंबंधीच्या कथात्म वाङ्मयात इतक्या लवकर, १९२९ मध्येच, ते इतक्या स्पष्टपणे मांडले गेले, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाने नोंदविण्यासारखी आहे.

चरित्रकारांनी या पात्रांच्या मुळाशी असलेल्या व्यक्ती शोधल्या आणि त्यासाठी पत्रांचा आधार घेतला. असा शोध त्याज्य नाही, पण त्यात एक धोका आहे. कादंबरी ही कुलूप आणि पत्रे ही किल्ली असे मानले की कादंबरीची रचना दिसेनाशी होते. कालक्रम बदलणे, बर्लिन वगळणे, बंगाली क्रांतिकारकाला ‘मानवेकर’ करणे या सर्व लेखिकेच्या निवडी आहेत. बर्लिन वगळल्यामुळे संपूर्ण कहाणी अमेरिकेतच घडते, आणि खाणीच्या गावातल्या बापाने आईला दिलेली वागणूक व क्रांतिकारक पतीचा संशय ही एकाच भूमीवर, एकाच स्त्रीच्या आयुष्यात समोरासमोर येतात. पत्रांशी ताडून पाहिल्यावरच ही निवड उमगते. म्हणजे पत्रांचा खरा उपयोग पात्रांची ओळख पटविण्यापेक्षा कादंबरीने काय बदलले हे दाखविण्यात आहे.

यात तिसरीही एक आवृत्ती आहे. ‘बॅटल हिम ऑफ चायना’ या १९४३ च्या ग्रंथात स्मेडली यांनी बर्लिनचे दिवस पुन्हा सांगितले, या वेळी चट्टोपाध्यायांच्या खऱ्या नावानिशी. मधल्या चौदा वर्षांत बरेच घडून गेले होते. चट्टोपाध्याय सोव्हिएत संघात स्थायिक झाले होते, आणि स्टालिनच्या काळातील दडपशाहीत १९३७ मध्ये त्यांना मृत्युदंड देण्यात आला. १९४३ च्या ग्रंथातील त्यांचे चित्र कादंबरीतील मानवेकरापेक्षा उदार आणि विषण्ण आहे. खाजगी पत्र, कादंबरी आणि स्मरणलेखन या एकाच हाताच्या तीन नोंदी आहेत. राजवाड्यांच्या दृष्टीने पहिली ‘पत्र’ आणि उरलेल्या दोन ‘बखरी’ ठरतील. तथापि साहित्याच्या अभ्यासकाला या तिन्हींमधील अंतर हाच खरा पुरावा आहे.

५

तिसऱ्या प्रकारचे कागद पाळत ठेवणाऱ्यांचे. परदेशातील भारतीय क्रांतिकारकांवर नजर ठेवण्यासाठी लंडनमध्ये ‘इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स’ ही गुप्त यंत्रणा काम करीत होती. तिची कागदपत्रे आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि ती अभ्यासकांना खुली झाली ती विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीतील पोलिसांनीही स्मेडली यांच्या हालचालींची नोंद ठेवली होती. तो संग्रह पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोहोचला. अमेरिकेच्या संघीय अन्वेषण विभागाचीही स्वतःची फाईल होती.

मुक्त लेखिकेच्या चरित्रकाराला या कागदांचा मोह पडणे स्वाभाविक आहे. ज्या स्त्रीचा पत्ता सतत बदलत होता, तिच्या मुक्कामांच्या तारखा, प्रवासाचे मार्ग, भेटीगाठी यांची नोंद पाळत ठेवणाऱ्याइतकी काटेकोरपणे दुसऱ्या कोणी ठेवलेली नसते. हे कागद समकालीन आहेत, त्या त्या दिवशी लिहिलेले आहेत. म्हणजे जुन्या दंडकाप्रमाणे ते अव्वल दर्जाचे ठरतील. परंतु गुप्तचराला जे पाहावयास सांगितलेले असते तेच तो पाहतो. ही स्त्री कोणाला भेटली याची नोंद तो करतो. ती रात्री टंकयंत्रावर काय लिहीत होती, हे त्याच्या कामाचे नसते. परिणामी या फायलींतून संबंधांचे जाळे दिसते आणि लेखन गळून पडते.

लेखन आणि पाळत यांची गाठ किती घट्ट बसू शकते, याचे एक उदाहरण जपानी अनुवादात सापडते. ‘डॉटर ऑफ अर्थ’चा जपानी अनुवाद १९३४ मध्ये निघाला. अनुवादक होता ‘असाही’ वृत्तपत्राचा शांघायमधील माजी बातमीदार ओझाकी होत्सुमी, आणि त्याने टोपणनाव वापरले होते. सोव्हिएत हेर रिचर्ड झोर्गे याच्याशी ओझाकीची ओळख स्मेडली यांच्यामुळे झाली. पुढे झोर्गे आणि ओझाकी टोकियोत पकडले गेले आणि ७ नोव्हेंबर १९४४ रोजी दोघांना फाशी देण्यात आली. जपानी पोलिसांपुढे झालेल्या जबान्यांत स्मेडली यांचे नाव आले. त्यांच्या आधारे जनरल विलोबी यांच्या कार्यालयाने तयार केलेला अहवाल अमेरिकी सैन्यखात्याने फेब्रुवारी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला आणि स्मेडली यांना उघडपणे सोव्हिएत हेर ठरविले. त्यांनी जाहीर प्रतिकार केला, बदनामीचा दावा लावण्याचा इशारा दिला, आणि काही दिवसांतच खात्याला माघार घ्यावी लागली. परंतु शीतयुद्धाच्या त्या वातावरणात लेखनाचे आणि व्याख्यानांचे मार्ग बंद होत गेले. मुक्त लेखिकेला यापेक्षा मोठी शिक्षा नसते. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या इंग्लंडला गेल्या आणि काही महिन्यांत निवर्तल्या.

यापुढचा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. १९८८ च्या चरित्रात मॅकिनन दांपत्याने स्मेडली यांचे चित्र एक स्वतंत्र वृत्तीची, कोणत्याही पक्षाच्या शिस्तीत न बसणारी बंडखोर असे रंगविले. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर मॉस्कोतील कागद काही प्रमाणात खुले झाले. त्यांचा उपयोग करून रूथ प्राइस यांनी २००५ मध्ये नवे चरित्र प्रसिद्ध केले. आरोपाचे निराकरण करता येईल या अपेक्षेने त्या कामाला लागल्या होत्या, पण स्मेडली यांनी कॉमिंटर्न आणि सोव्हिएत गुप्तचर यंत्रणेसाठी खरोखरच काम केले होते, या निष्कर्षाला त्यांना यावे लागले. हा निष्कर्ष गंभीरपणे घ्यावयास हवा. स्मेडली यांनी आयुष्यभर जे नाकारले ते काही अंशी तरी खरे होते, असे मानावे लागते. वाचकाने ज्या लेखिकेच्या प्रांजळपणावर विश्वास ठेवला, तिने एक मोठी गोष्ट लपविली होती.

यातून त्यांच्या साहित्याचे मूल्य शून्य होते काय? ‘डॉटर ऑफ अर्थ’मधील आईच्या कष्टांचे चित्र, ‘सेल मेट्स’मधील कैदी स्त्रिया, चिनी गिरणीकामगार स्त्रियांची शब्दचित्रे यांच्या खरेपणाची कसोटी गुप्तचर फाईल नव्हे. परंतु चीनमधील राजकीय वार्तापत्रे वाचताना मात्र या नव्या माहितीकडे डोळेझाक करता येणार नाही. काय लिहिले याबरोबर काय लिहिले नाही, हा प्रश्न तेथे विचारावाच लागेल. म्हणजे कागदाचा प्रकार आणि साहित्याचा प्रकार यांची सांगड घालूनच पुराव्याचे वजन ठरवावे लागते. सर्व लेखनाला एकच माप लावणाऱ्या समर्थकांनी आणि निंदकांनी सारखीच चूक केली आहे.

६

शेवटी एका अशा पत्राचा विचार करावा की ज्याचा परिणाम महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. १९३७ मध्ये स्मेडली चिनी आठव्या मार्गसेनेबरोबर होत्या. जखमी सैनिकांना डॉक्टर नाहीत, औषधे नाहीत, हे त्या रोज पाहत होत्या आणि जगभर पत्रे धाडीत होत्या. जवाहरलाल नेहरूंशी त्यांचा परिचय जुना होता. त्यांच्याच प्रयत्नाने सेनापती चू तेह यांनी नोव्हेंबर १९३७ मध्ये नेहरूंना वैद्यकीय मदतीविषयी पत्र लिहिले. ते नेहरूंनी १९५८ मध्ये ‘अ बंच ऑफ ओल्ड लेटर्स’ या संग्रहात प्रसिद्ध केले. काँग्रेसने निधी जमविला आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले. डॉ. मदन अटल त्याचे प्रमुख. नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे इतर सदस्य. पथकाबद्दल आभार मानणारे माओ यांचे मे १९३९ चे पत्रही नेहरूंच्या त्याच संग्रहात आहे. कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच त्यांचे निधन झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला.

कोटणीसांची स्मृती मराठी मनात पक्की आहे. पण तिच्या मुळाशी एका मुक्त लेखिकेचा पत्रव्यवहार आहे, याचे स्मरण क्वचितच ठेवले जाते. कारण उघड आहे. चित्रपट, स्मारके आणि सरकारी भेटीगाठी ही एका बाजूची कागदपत्रे. पथक पाठविण्याची मागणी करणारी पत्रे ही दुसऱ्या बाजूची, आणि ती दुसऱ्यांच्या दप्तरांत विखुरलेली. नेहरूंच्या कागदपत्रांत स्मेडली दुय्यम, सँगर यांच्या कागदपत्रांत दुय्यम, चट्टोपाध्यायांविषयीच्या गुप्त अहवालांत दुय्यम. सर्व दप्तरांत हजर असूनही कोणत्याच दप्तराची स्वामिनी नसणे, ही मुक्त लेखिकेची अभिलेखागारातील खरी स्थिती होय.

यावरून भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनी घ्यावयाचा बोध पद्धतीचा आहे. विसाव्या शतकातील ज्या भारतीय स्त्रिया मासिकांतून लिहीत राहिल्या, त्यांच्याही घरी बहुधा दप्तर नाही. मराठीत १९३० मध्ये सुरू झालेल्या ‘स्त्री’सारख्या मासिकांतून लिहिणाऱ्या कितीतरी लेखिकांची हस्तलिखिते छपाईनंतर कोणी जपली नसतील. त्यांचा शोध त्यांच्या स्वतःच्या कपाटांत घेऊन थांबू नये. संपादकांचा पत्रव्यवहार, मैत्रिणींच्या पेट्या, संस्थांच्या बैठकांची इतिवृत्ते आणि आवश्यक तेथे पोलिसांच्या नोंदी अशा क्रमाने तो घ्यावा लागेल, आणि प्रत्येक कागद कोणासाठी लिहिला गेला हे त्यावर प्रथम नोंदवावे लागेल.

स्मेडली यांच्यापुरते बोलावयाचे तर ‘मॉडर्न रिव्ह्यू’चे त्या काळातील खंड, नवी दिल्लीतील नेहरूंची कागदपत्रे, लंडनमधील गुप्तचर फायली आणि टेंपीचा संग्रह एकमेकांशी ताडून पाहण्याचे काम भारतीय अभ्यासकांनीच हाती घेणे उचित आहे. चीनने त्यांची रक्षा आपल्या भूमीत ठेवून घेतली, अमेरिकेने त्यांचे कागद ठेवले. भारताकडे त्यांच्या आयुष्यातील दहा वर्षांचे लेखन आहे, आणि ते वाचण्याची भाषाही येथेच आहे.